नाव क्षमा, राग नाकाच्या शेंड्यावर

विक्रम नावाच्या माणसाला ऑफिसात कुणी रोज विचारत नाही की बाबा रे, आज काय पराक्रम केलास. प्रताप, अजय, विजय यांचंही तेच, अजय नावाचे कितीतरी लोक आयुष्यभर हरत असतात आणि त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. पण तुमचं नाव क्षमा असेल आणि तुम्ही जरा आवाज चढवलात, की समोरचा लगेच दात काढून म्हणणार, "अहो, नाव काय तुमचं आणि बोलताय काय!" रिक्षावाला म्हणतो, सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो, भाजीवाली म्हणते, सख्खा नवरा तर म्हणतोच. आणि रस्ता खणून ठेवलाय तिथे बोर्ड असतो, गैरसोयीबद्दल क्षमस्व. शाळेत असल्यापासून हे बोर्ड मला फोटो काढून कुणी ना कुणी पाठवतंच (शाळेत असताना फोटो नव्हते, तेव्हा वर्गात ओरडून सांगायचे). आता मी हसते, कारण न हसले तर पुन्हा तेच, नाव काय तुमचं.

माझं नाव आजोबांनी ठेवलं. सांगलीतलं घर, आजोबा शाळेत संस्कृत शिकवायचे, आणि मी जन्मले तेव्हा आमच्याकडे भाऊबंदकी जोरात चालू होती, बाबा आणि मोठे काका एकमेकांशी बोलत नव्हते, शेताचा बांध, विहिरीचं पाणी, नेहमीचंच. नक्षत्रावरून अक्षर काय आलं होतं ते कुणी पाहिलंच नाही. आजोबांनी परस्पर ठरवलं की पोरीचं नाव क्षमा. आत्याने पाळण्यात कुर्र करून तेच कानात सांगितलं, घुगऱ्या वाटल्या, झालं. आजोबांना बहुतेक वाटलं असेल की घरात दिवसातून पन्नास वेळा हा शब्द उच्चारला गेला तर त्या दोघा भावांवर काहीतरी परिणाम होईल. काही झाला नाही. वर्षभरात वाटणी झाली, विहीर काकांकडे गेली, आणि मी नाव घेऊन इकडे.

आजोबा मात्र नावावर खूश होते. मला जवळ घेऊन गीतेतली एक ओळ म्हणायचे, दहाव्या अध्यायातली, विभूतियोगातली, कीर्तिः श्रीर्वाक्च नारीणां स्मृतिर्मेधा धृतिः क्षमा. भगवान अर्जुनाला सांगतायत की स्त्रियांमध्ये मी म्हणजे हे सात. नीट बघा, ही ओळ म्हणजे जवळजवळ मराठी शाळेतलं हजेरीपुस्तक आहे. कीर्ती, श्री, वाणी, स्मृती, मेधा, धृती, क्षमा. माझ्या वर्गात यातल्या निम्म्या खरंच होत्या, श्रीच्या जागी जयश्री नाहीतर राजश्री धरा. आमच्या आज्यांची पिढी बघितली तर गोदावरी, यमुना, भागीरथी, काशी, म्हणजे नद्या आणि तीर्थं. मग शांता, सुशीला, विमल आल्या, सुमन, कुसुम या फुलंवाल्या आल्या, आणि आमच्या आसपासच्या पिढीत एकदम श्रद्धा, मेधा, प्रज्ञा, प्रतिभा, क्षमा असा गुणांचा बाजार भरला. मला वाटतं शिकलेल्या, पगारदार घरांना देवाचं थेट नाव जरा जुनाट वाटायला लागलं होतं पण देव सोडवतही नव्हता, त्यामुळे त्यांनी देवाचे गुण उचलले.

गुणांना बाई करायची ही खोड पुराणांपासूनची. विष्णुपुराणात दक्षाच्या मुलींची यादी आहे, ख्याती, सती, संभूती, स्मृती, प्रीती, क्षमा, अनसूया, ऊर्जा वगैरे, आणि एकेकीला एकेक ऋषी दिलाय. क्षमा पुलह ऋषींना दिली. तिला तीन मुलगे झाले त्यातल्या एकाचं नाव सहिष्णू, म्हणजे आईसारखंच पोर. भागवतात अशीच दुसरी यादी आहे, तिथे दक्षाच्या तेरा मुली धर्माच्या बायका होतात आणि प्रत्येकीला काय झालं ते सांगितलंय. श्रद्धेला शुभ, दयेला अभय, शांतीला सुख, मेधेला स्मृती. इथपर्यंत सगळं सुविचाराच्या फळ्यासारखं चाललेलं असतं आणि मध्येच येतं की पुष्टीला झाला गर्व आणि उन्नतीला झाला दर्प. मला हे वाचून फार हसू आलं होतं. ज्याने कुणी हे लिहिलं त्याने चार घरं बघितलेली असणार, प्रमोशन झालेली माणसं बघितलेली असणार. उन्नती नाव मुलीला ठेवतात आजकाल, छान आहे, फक्त नातवाकडे लक्ष ठेवा.

पण मुलींनाच का हे सगळं? याचं अर्धं उत्तर व्याकरणात आहे. श्रद्धा, दया, मेधा, क्षमा, शांती, धृती हे शब्द संस्कृतात स्त्रीलिंगीच, त्यामुळे त्यांच्या बायका झाल्या आणि पुढे मुलींची नावं झाली. विवेक, विनय, संयम पुल्लिंगी, ते मुलांना गेले. ठीक आहे. पण नपुंसकलिंगी गुणांचं काय झालं बघा. शौर्य, धैर्य, तेज, आर्जव. ते शौर्य, ते धैर्य. हे कुणाच्याही वाट्याला जाऊ शकले असते, आणि गेले सगळे मुलांकडे. शौर्य नावाची मुलगी मला आजवर भेटलेली नाही. म्हणजे जिथे व्याकरणाने मोकळीक दिली तिथे घरच्यांनी ठरवलं. सहन करायचं ते मुलीचं, तलवारबिलवार मुलाची.

आणि सहन करणं हाच त्या शब्दाचा गाभा आहे, ते टाळता येत नाही. क्षम् म्हणजे सोसणं, पेलणं, समर्थ असणं, त्यातूनच सक्षम आणि क्षमता आले. पृथ्वीलाही क्षमा म्हणतात, कारण ती सगळ्यांचे पाय सोसते. आजोबा सकाळी अंथरुणातून उठताना जमिनीला हात लावून समुद्रवसने देवि म्हणायचे, त्याचा शेवट पादस्पर्शं क्षमस्व मे. आजी त्याच वेळी चुलीपुढे बसलेली असायची आणि तिला कुणी क्षमस्व म्हटल्याचं मला आठवत नाही, पण असो, तो वेगळा विषय.

शाळेत सुभाषित होतं, क्षमाशस्त्रं करे यस्य दुर्जनः किं करिष्यति, ज्याच्या हातात क्षमेचं शस्त्र त्याचं दुर्जन काय वाकडं करणार. गवत नसलेल्या जागी पडलेला विस्तव आपोआप विझतो. पाठांतर स्पर्धेत मला हेच द्यायचे, नाव शोभतं म्हणून. त्यात तुकोबा, दया क्षमा शांती तेथे देवाची वसती. आणि पैठणचे एकनाथ महाराज, ते गोदावरीतून अंघोळ करून यायचे आणि एक माणूस त्यांच्यावर थुंकायचा, ते परत जाऊन अंघोळ करायचे, असं एकशे आठ वेळा झालं म्हणे आणि शेवटी तोच शरमला. लहानपणी ही गोष्ट ऐकली की मला त्या थुंकणाऱ्याची चीड यायची, नाथांचं कौतुक नंतर. तसं मी बोलून दाखवलं की परत तेच.

आजोबांनी जे सांगितलं नाही ते मला पुढे महाभारतात सापडलं, वनपर्वात. द्यूत झालंय, वस्त्रहरण झालंय, पांडव द्वैतवनात राहतायत, आणि द्रौपदी युधिष्ठिराला विचारते की तुला राग कसा येत नाही. आणि ती नुसती रडत नाही, मुद्देसूद भांडते. प्रल्हाद आणि बळी यांचा संवाद सांगते. बळी आपल्या आजोबांना विचारतो की क्षमा मोठी की तेज, आणि प्रल्हाद म्हणतो, न श्रेयः सततं तेजो न नित्यं श्रेयसी क्षमा. सतत तेज बरं नाही आणि नेहमी क्षमाही बरी नाही. पुढे तो जे सांगतो ते एखाद्या जुन्या मुरलेल्या हेडक्लार्कने सांगावं इतकं व्यवहारी आहे. जो कायम माफ करतो त्याला नोकरसुद्धा किंमत देत नाहीत, त्याचे कपडे, दागिने, वाहन, खाणंपिणं परस्पर वापरतात, दिलेला निरोप पोचवत नाहीत. मग कुणाला माफ करायचं? ज्याने पूर्वी कधी उपकार केलेत त्याला. ज्याला कळलंच नाही की आपण चुकतोय त्याला. आणि पहिला अपराध कुणाचाही असो, माफ. दुसऱ्याला माफी नाही, मग तो अपराध कितीही छोटा असो. आणि देश, काळ, आपली ताकद बघून ठरवायचं.

यावर युधिष्ठिर उत्तर देतो, मोठं आणि सुंदर उत्तर आहे, काश्यपाची गाथा सांगतो, क्षमा धर्म, क्षमा यज्ञ, क्षमा ब्रह्म, क्षमा सत्य. आजोबा मला हीच बाजू म्हणून दाखवायचे. दोन्ही बाजू एकाच ठिकाणी, एकापाठोपाठच्या अध्यायांत आहेत, पण घराघरांत पोचली ती युधिष्ठिराची. मला त्यात गंमत वाटते ती अशी की भर सभेत अपमान जिचा झाला ती क्षमेला अटी घालतेय, आणि जो पणाला लावून बसला होता तो क्षमेवर प्रवचन देतोय. अर्थात तो चुकीचं बोलतो असं नाही, राग राग करून जग चालणार नाही हे त्याचं म्हणणं मलाही पटतं, पण ते कुणाच्या तोंडून येतंय ते बघावं की नाही माणसाने? उद्योगपर्वात विदुरही एक वाक्य टाकून जातो, की क्षमाशील माणसात एकच दोष असतो, दुसरा नसतो, लोक त्याला दुबळा समजतात. विदुर पुढे म्हणतो की तो दोष मानू नये. विदुराचं नाव क्षमा नव्हतं.

नवरात्रात सप्तशतीच्या आधी अर्गलास्तोत्र म्हणतात, त्याची सुरुवात जयन्ती मङ्गला काली भद्रकाली कपालिनी, दुर्गा क्षमा शिवा धात्री. हे मी शेकडो वेळा ऐकलं होतं, पण आपलं नाव त्यात कुठे बसलंय याच्याकडे लक्ष गेलं नव्हतं. कपालिनी आणि दुर्गा यांच्या पाठोपाठ. म्हणजे हातात कवट्या घेतलेली बाई, मग दुर्गा, आणि लगेच क्षमा. हे लक्षात आल्यापासून नाव काय तुमचं म्हणणाऱ्यांना मी ही ओळ म्हणून दाखवते. उपयोग काही होत नाही, लोकांना वाटतं बाई देवधर्माची आहे.

सांगलीत आमच्या गल्लीत दिगंबर जैनांची बरीच घरं. गणपती बसले की दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, त्यांचं दशलक्षण पर्व सुरू व्हायचं, अनंत चतुर्दशीपर्यंत दहा दिवस, रोज एक धर्म, आणि पहिल्या दिवसाचं नाव उत्तम क्षमा. शेजारच्या काकू मला मुद्दाम बोलावून हातावर काहीतरी ठेवायच्या, आज तुझा दिवस गं म्हणून, स्वतःचा उपास असायचा त्यांचा. पुढचे दिवस मार्दव, आर्जव, शौच, सत्य, संयम असे. यातले आर्जव आणि संयम आता सर्रास मुलांची नावं झालीत, जैनांमध्येच नाही तर बाहेरही. पर्व संपलं की क्षमावाणी, मग सगळे एकमेकांकडे जाऊन वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागायचे. श्वेतांबरांकडे संवत्सरीला मिच्छामि दुक्कडम् म्हणतात. त्यांच्यात एक प्राकृत गाथा म्हणतात, खामेमि सव्वजीवे, सव्वे जीवा खमंतु मे, मी सगळ्या जीवांना क्षमा करतो, सगळे जीव मला क्षमा करोत. मला ही रचना जाम आवडते कारण त्यात येणंजाणं आहे. लहान मुलांची मोठी माणसंसुद्धा क्षमा मागायची, त्या काकू मलाही हात जोडायच्या, आणि मी दहा वर्षांची पोर नुसती लाजून उभी. आमच्याकडे मात्र मोठ्यांनी लहानांची माफी मागितली तर आभाळ कोसळेल अशी परिस्थिती. आता क्षमावाणीचे व्हॉट्सॲप फॉरवर्ड येतात, कमळाच्या चित्रासकट, पाठवणाऱ्यालाही माहीत नसतं कुणाकुणाला गेलं.

चांगलं नाव मिळणं हेही सगळ्यांच्या नशिबी नव्हतं, ते बोललं पाहिजे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावं कशी ठेवावीत ते सांगितलंय, ब्राह्मणाचं मंगल असावं, क्षत्रियाचं बलाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असं. नियम कागदावर होता की पाळला जायचा असा वाद घालणाऱ्यांनी जुन्या जन्मनोंदी काढून कचरू, उकिरडा, धोंडी, दगडू मोजावेत. त्यातली काही नावं दृष्ट लागू नये, मूल जगावं म्हणून ठेवलेली असायची, सगळ्याच जातींत, हे खरं, पण सगळीच तशी नव्हती. 1956 साली नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली त्यानंतर ज्या घरांनी पोरांची नावं प्रज्ञा, करुणा, शीला, संघमित्रा, सिद्धार्थ, गौतम अशी ठेवली, त्यांच्यासाठी गुणाचं नाव म्हणजे फॅशन नव्हती. माझी कॉलेजातली मैत्रीण प्रज्ञा म्हणायची, तुझ्या नावात तुझ्या आजोबांची इच्छा आहे, माझ्या नावात माझ्या आजोबांचा निर्णय आहे. तिच्या आजोबांचं नाव मी इथे लिहीत नाही, पण ते जुगुप्सितच्या व्याख्येत बसणारं होतं आणि ते त्यांनी स्वतः बदललं नाही, मुलांच्या आणि नातवंडांच्या नावांत मात्र चुकूनही तसलं एक येऊ दिलं नाही.

आणि मुलगी असणं हीच अडचण असेल तर? सातारा जिल्ह्यात 2011 साली एक कार्यक्रम झाला, 285 मुलींची नावं सरकारी पातळीवर बदलण्यात आली. त्या सगळ्यांचं आधीचं नाव नकोशी, नकुसा. मुलगाच हवा होता, परत मुलगी झाली, ठेवा नकोशी. शाळेच्या दाखल्यावर नकोशी, हजेरीत नकोशी. आमच्या घराजवळच्या एका शाळेत मी अशी एक मुलगी बघितलीये, फार शांत होती, तिला हाक मारताना बाई जरा थांबायच्या. नावाने बांधलं जाण्याची माझी तक्रार तिच्यापुढे किती हलकी आहे मला माहितीये. तरी ती तक्रार आहेच.

क्षमा नावाच्या बायकांनी पुढे काय केलं हे शोधायचा मला नाद आहे. पंडिता क्षमाबाई राव या माझ्या सगळ्यात लाडक्या. 1890 साली पुण्यात जन्म, वडील शंकर पांडुरंग पंडित, मोठे वेदाभ्यासक, अथर्ववेदाचं संपादन करणारे, आणि इंदुप्रकाश छापखान्याने 1869 ते 1873 मध्ये तुकारामांची जी गाथा काढली तीही त्यांच्या देखरेखीखाली. तुकोबांच्या दया-क्षमा-शांतीवरून मुलीचं नाव सुचलं असं मी अजिबात म्हणत नाही, पण मनात येतं खरं. वडील ती लहान असतानाच गेले. पुढे क्षमाबाई मुंबईत डॉक्टरांशी लग्न करून राहिल्या, टेनिस खेळायच्या, स्पर्धा जिंकायच्या, आणि संस्कृतात लिहायच्या. काय लिहिलं? सत्याग्रहगीता. गांधींच्या चळवळीवर, अनुष्टुभ छंदात, गीतेसारखेच अठरा अध्याय, आणि ती छापली गेली 1932 मध्ये पॅरिसला. इंग्रजांच्या राज्यात राहून त्यांच्याविरुद्धच्या लढ्याचं काव्य, तेही अशा भाषेत की पोलिसाला वाचायला शास्त्री शोधावा लागेल. नंतर तुकारामांचं चरित्र लिहिलं, तेही संस्कृतात पद्यात, वडिलांचंही लिहिलं. आणि त्यांची मुलगी लीला राव 1934 साली विम्बल्डनमध्ये मॅच जिंकली, तिथे मॅच जिंकणारी पहिली भारतीय बाई. या बाईंना कुणी नाव काय तुमचं म्हटलं असेल का? म्हटलं असेल तर बॅकहँड बसला असणार.

दुसऱ्या क्षमा सावंत. जन्म पुण्याचा, वाढल्या मुंबईत, अमेरिकेत सिएटल शहराच्या कौन्सिलवर 2013 साली निवडून आल्या, त्याही समाजवादी म्हणून. ताशी पंधरा डॉलर किमान वेतनासाठी भांडल्या, आणि 2023 मध्ये त्यांनी आणलेल्या ठरावाने सिएटलमध्ये जातीवरून भेदभाव करायला बंदी आली, तिकडच्या शहरांमध्ये ही पहिलीच. त्यांचं राजकारण तुम्हाला आवडो न आवडो, पण भर सभेत आवाज चढवणारी एक क्षमा टीव्हीवर बघून मला जे बरं वाटलं ते मी कुणाला समजावून सांगू शकत नाही.

तिकडे त्यांच्या नावाचं काय करत असतील देव जाणे. मनूने मुलीच्या नावाच्या अटी दिल्यात, उच्चाराला सोपं, कठोर नसलेलं, अर्थ स्पष्ट, शेवट दीर्घ. शेवट दीर्घ आहे, अर्थ स्पष्ट आहे, पण उच्चाराला सोपं? उत्तरेकडचे छमा म्हणतात. कॉल सेंटरवाले कशमा. शमा म्हणणारे तर इतके की मी आता दुरुस्त करत नाही, मेणबत्ती तर मेणबत्ती. स्पेलिंगमध्ये काहीजण लक्ष्मीतला एक्स आणून घालतात.

परवा भावाला मुलगी झाली आणि मी अधिकृत आत्या झाले. फॅमिली ग्रुपवर नावांची यादी सुरू, अन्वी, आर्वी, मायरा, क्रिशा, वहिनीच्या काकांनी अंकशास्त्राचा तक्ता टाकला. मी गीतेतली ती ओळ टाकली आणि म्हटलं सहा शिल्लक आहेत, घ्या यातलं एक, सातवं सोडून. कीर्ती नको कारण भावाच्या वर्गात होती आणि वहिनीला ते माहितीये. स्मृती राजकारणी वाटतं. मेधा माझ्या सासूबाईंचं नाव. आईला धृती चालेना, म्हणे धृतराष्ट्र आठवतो, तिला सांगितलं की अगं मूळ धातू तोच आहे, तर म्हणे बघ मी म्हटलंच होतं. शेवटी धृतीच ठरलं, कारण वहिनीला आवडलं आणि बाकी कुणाचं मत विचारात घ्यायचं नव्हतंच. मी कानात कुर्र केलं, पोरगी झोपलेली होती. जन्मदाखल्यावर अजून नाव चढलेलं नाही, शेवटी आय लिहायचा की डबल ई यावर घोडं अडलंय. भाऊ म्हणतो काकांना विचारू, त्यांच्या तक्त्यात बेरीज बसेल ते घालू. मी ग्रुपवर लिहिलंय की काकांना विचारलंत तर मी बारशाला दिलेल्या वाळ्या परत मागेन, आणि त्यावर काकांनी हात जोडलेला इमोजी पाठवलाय, त्याचा अर्थ काय घ्यायचा ते अजून कळलेलं नाही.